रोलिंग स्टोन्सच्या आधी प्रिन्स : लॉस एंजेलिस, ऑक्टोबर १९८१

प्रकरण काय होतं

९ ऑक्टोबर १९८१, शुक्रवार. लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिसियममध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम होता. १९३२चं ऑलिंपिक जिथं झालं ते हे उघडं स्टेडियम. त्या दिवशी आत सुमारे नव्वद हजार माणसं होती. स्टोन्सच्या आधी तीन नावं लागली होती. जे. गाइल्स बँड, जॉर्ज थोरोगूड अँड द डिस्ट्रॉयर्स, आणि सगळ्यांत पहिला, भर दिवसाउजेडी, मिनियापोलिसहून आलेला तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय गायक-गिटारवादक प्रिन्स. तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकला. आधी हुर्यो उडाली, मग शिव्या आल्या, मग हाताला लागेल ते स्टेजवर येऊ लागलं. सेट, म्हणजे ठरलेली गाणी, अर्धा टाकून तो निघाला आणि विमान पकडून थेट घरी गेला. रविवारी, ११ तारखेला, तो परत आला. त्या दिवशी फेकाफेक जास्त झाली आणि त्या दिवशी त्यानं सेट पूर्ण केला.

ज्याला हाकललं तोच पुढे केवढा मोठा झाला, अशी ही गोष्ट बहुतेक वेळा सांगितली जाते. ते खरंच आहे. पण त्या सांगण्यात कृष्णवर्णीय रॉक कलाकारांना प्रेक्षक कुठल्या वाटेनं मिळायचे आणि कुठं अडायचे, हे हरवून जातं. त्या दोन दिवसांत बऱ्याच जणांनी निर्णय घेतले आणि काही निर्णय कुणी घेतलेच नाहीत. इथं त्यांचाच हिशोब मांडला आहे. कलाकार आणि मुख्य आयोजक सार्वजनिक जीवनातले असल्यामुळे त्यांची नावं दिली आहेत, बाकीची माणसं फक्त त्यांच्या कामानं ओळखली जातील.

पार्श्वभूमी

चक बेरी, लिटल रिचर्ड, बो डिडली या कृष्णवर्णीय कलाकारांनी १९५०च्या दशकात रॉक अँड रोलचा पाया घातला. सिस्टर रोझेटा थार्प तर त्याच्याही आधीपासून भक्तिगीतांना इलेक्ट्रिक गिटारची साथ देत होती. रोलिंग स्टोन्स हे नावसुद्धा मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेलं. तरी १९८१ साली सरासरी अमेरिकन रॉक-श्रोत्याला कृष्णवर्णीय गिटारवादक म्हटलं की एकच नाव आठवायचं, जिमी हेंड्रिक्स. आणि तो १९७०मध्ये वारला होता.

हे आपोआप घडलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकात एफएम रेडिओवर 'अल्बम ओरिएंटेड रॉक' नावाचा साचा पक्का होत गेला. स्टेशनांनी सल्लागार नेमले. श्रोत्यांना फोन करायचा, गाण्याचा तुकडा ऐकवायचा, आवडलं की नावडलं ते नोंदवायचं आणि नावडलेलं यादीतून काढायचं, अशी पद्धत होती. मेख विचारायच्या माणसांत होती. कौल घेतला जायचा तो आधीच रॉक स्टेशन ऐकणाऱ्यांचा, म्हणजे बहुतांशी गोऱ्या तरुण पुरुषांचा. जे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं ते त्यांना अनोळखी वाटायचं. अनोळखी म्हणून ते नापास व्हायचं, आणि नापास झालं म्हणून पुन्हा ऐकू यायचं नाही. कृष्णवर्णीय कलाकाराच्या हातात डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात, पेटलेली गिटार असली तरी त्याची रेकॉर्ड 'सोल' या कृष्णवर्णीय संगीताच्या कप्प्यात जायची, कंपनीतला वेगळा विभाग ती वेगळ्या स्टेशनांकडे पाठवायचा. लॉस एंजेलिसमध्येच त्या काळी बसबॉइज हा जवळपास संपूर्ण कृष्णवर्णीय रॉक बँड वाजवत होता, त्यांचा अल्बम १९८०मध्ये आलेला होता. कोलिसियममधल्या किती जणांच्या कानावर तो पडला असेल?

त्यात भर पडली डिस्कोद्वेषाची. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एका रॉक स्टेशनच्या निवेदकानं डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोटानं उडवला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. जाळायला आणलेल्या रेकॉर्डमध्ये डिस्कोशी काडीचा संबंध नसलेले कृष्णवर्णीय गायकही होते, असं तिथं काम करणाऱ्यांनी नंतर सांगितलं. राग एका ठेक्यावर होता म्हणावं, तर तो त्या ठेक्यापुरता राहिला नव्हता.

आता प्रिन्स. १९७८च्या पहिल्या अल्बमवर जवळजवळ सगळी वाद्यं त्यानं स्वतः वाजवली होती. 'आय वॉना बी युवर लव्हर' हे १९७९चं गाणं आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीताच्या, यादीत पहिलं आलं, पण सर्वसाधारण यादीत अकराव्या क्रमांकावर थांबलं. १९८०च्या 'डर्टी माइंड'वर त्यानं मुद्दाम कच्चा, पंक-न्यूवेव्ह या नव्या धाटणीच्या रॉककडे झुकलेला आवाज धरला. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, रॉक रेडिओनं दार उघडलं नाही. बँड त्यानं जाणूनबुजून मिश्र ठेवला होता. गिटारवर डेझ डिकरसन आणि बेस गिटारवर मार्क ब्राउन हे कृष्णवर्णीय, ड्रमवर बॉबी झी, कीबोर्डवर लिसा कोलमन आणि मॅट फिंक हे गोरे. पुरुषांच्या बरोबरीनं बाई, आणि फक्त गाण्यासाठी उभी केलेली नव्हे, वाजवणारी. पुढचा अल्बम 'कॉन्ट्रोव्हर्सी' १४ ऑक्टोबरला येणार होता. म्हणजे शुक्रवारच्या कार्यक्रमानंतर पाच दिवसांनी. ही तारीख लक्षात ठेवायला हवी.

बोलावणं स्टोन्सकडून आलं होतं. त्यांचा गायक मिक जॅगर याला प्रिन्सचं काम आवडत होतं. ओपनिंगला, म्हणजे आपल्या आधी वाजवायला, कृष्णवर्णीय कलाकार घेणं ही त्या बँडची जुनी रीत होती. १९६९ला आयक आणि टीना टर्नर व बी. बी. किंग, १९७२ला स्टीव्ही वंडर, १९७५च्या काही कार्यक्रमांना न्यू ऑर्लिन्सचा द मीटर्स. यातलं कुणी असं हाकललं गेलं नव्हतं. त्यामुळे १९८१मध्येही प्रेक्षक निमूट ऐकून घेतील, असं गृहीत धरलं गेलं असणार.

नेमका प्रश्न

इथं दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या आधी सोडवून घेतल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे चुकीची जोडी. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो सोडून दुसराच कुणी समोर आला की प्रेक्षक वैतागतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हेंड्रिक्सचंच आहे. जुलै १९६७मध्ये तो मंकीज या बँडच्या आधी वाजवत होता. समोर शाळकरी मुली, त्यांना हवा होता मंकीजचा गायक. मोजक्या कार्यक्रमांनंतर हेंड्रिक्स त्या दौऱ्यातून बाहेर पडला. तिथं झाला तो कंटाळा आणि आरडाओरडा. त्याच हेंड्रिक्सला महिनाभर आधी माँटेरे महोत्सवात प्रेक्षकांनी उचलून धरलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे द्वेष. कोलिसियममध्ये झालं ते कंटाळ्याच्या फार पुढचं होतं. ओरडल्या गेलेल्या शिव्या वंशावरून होत्या आणि समलिंगी म्हणून हिणवणाऱ्याही होत्या. प्रिन्स लांब कोट, खाली अंतर्वस्त्रासारखी चड्डी आणि मांडीपर्यंतचे मोजे अशा वेशात उभा होता आणि उंच, बायकी वाटेल अशा आवाजात गात होता. कृष्णवर्णीय पुरुषानं रॉकच्या स्टेजवर कसं दिसावं याची त्या गर्दीच्या मनात एखादी प्रतिमा असलीच, तर ती ही नव्हती.

'गर्दीला फक्त आपल्या ओळखीचा रॉक हवा होता' हे स्पष्टीकरण बाकीच्या कार्यक्रमाकडे पाहिलं की टिकत नाही. थोरोगूडचं नाव झालं तेच बो डिडली आणि जॉन ली हूकर यांची गाणी वाजवून. जे. गाइल्स बँड शिकागो ब्लूज आणि आर अँड बीवर वाढलेला. खुद्द स्टोन्स त्या दौऱ्यात टेम्प्टेशन्स या कृष्णवर्णीय गटाचं 'जस्ट माय इमॅजिनेशन' गात होते, म्हणजे मोटाउन या कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्ड कंपनीचं अस्सल संगीत. कृष्णवर्णीयांचं संगीत त्या संध्याकाळी भरपूर वाजलं आणि टाळ्याही मिळवून गेलं. चाललं नाही ते एक कृष्णवर्णीय शरीर, स्वतःच्या गाण्यांसह आणि स्वतःच्या अटींवर समोर उभं राहिलेलं.

एक आक्षेप घेता येतो. मग स्टीव्ही वंडरला १९७२मध्ये का स्वीकारलं? माझ्या मते याची तीन कारणं होती. त्याची गाणी दहा वर्षं सर्वसाधारण रेडिओवर वाजलेली होती, त्यामुळे तो अनोळखी नव्हता. रेडिओचे कप्पे तेव्हा अजून इतके बंद झालेले नव्हते. तिसरं कारण रंगमंचावर दिसणारं होतं. त्या दौऱ्यात शेवटी वंडर आणि स्टोन्स एकत्र येऊन त्याचं 'अपटाइट' आणि त्यांचं 'सॅटिस्फॅक्शन' जोडून वाजवायचे. हा आमचा माणूस आहे, हे मुख्य बँड रोज सर्वांसमोर सांगत होता.

समोर असलेले पर्याय

आमंत्रण आलं तेव्हा नकार देता आला असता. प्रिन्सचा स्वतःचा प्रेक्षक क्लबांत आणि मध्यम सभागृहांत तयार होत होता, तो तसाच वाढवत नेता आला असता. त्यात वेळ गेला असता आणि रॉक श्रोत्यांपर्यंतची भिंत तशीच राहिली असती. होकारात आकर्षण उघड होतं. रेडिओनं जे दार बंद ठेवलं ते दोन दिवसांत पावणेदोन लाख लोकांसमोर थेट ठोठावायचं. होकार दिला हे चुकलं असं म्हणवत नाही. चूक झाली ती होकारासोबत काहीच मागून न घेण्यात.

मागता काय आलं असतं? क्रम. वेळ. ओळख करून देणं. आणि तारीख. अल्बम बाजारात यायच्या आधीच्या आठवड्यात त्यातली गाणी वाजवणं म्हणजे हितचिंतक प्रेक्षकालाही सोबत गुणगुणण्यासारखं काही न देणं. स्टेडियममध्ये ओळखीचं एक कडवं दहा मिनिटांची मुदत मिळवून देतं. प्रिन्सकडे त्या गर्दीसाठी असं एकही कडवं नव्हतं.

सेटबाबत काय ठरलं ते गाण्यांवरून दिसतं. 'बॅम्बी' हे १९७९च्या अल्बममधलं गिटारप्रधान, जड गाणं होतं आणि त्या गर्दीसाठी ती योग्यच निवड होती. 'व्हेन यू वेअर माइन'सुद्धा साधं, गिटारवर बेतलेलं पॉप-रॉक. पण त्यापाठोपाठ अजून प्रकाशित न झालेलं, उघड लैंगिक शब्दांचं 'जॅक यू ऑफ' आलं आणि आधीच धुमसणारं मैदान भडकलं.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

शुक्रवारी बँड स्टेजवर आला तेव्हा ऊन होतं. पहिल्या बँडला हा तोटा नेहमीच सोसावा लागतो. दिव्यांचा उपयोग शून्य, स्टेजचं गूढ शून्य, आणि कलाकाराला समोरचा प्रत्येक चेहरा स्पष्ट दिसतो. सर्वांत पुढं असतात ते तासन्‌तास रांग लावून जागा पकडलेले, मुख्य बँडचे सगळ्यात कट्टर चाहते. मागच्या बाकांवरचा माणूस दुर्लक्ष करतो, पुढचा माणूस विरोध करतो. आणि फेकलेली वस्तू पोचते ती पुढच्याच माणसाची.

बँडमध्ये सगळ्यात नवा होता एकोणीस वर्षांचा बेसवादक मार्क ब्राउन. आधीचा बेसवादक आंद्रे सायमोन सोडून गेल्यावर तो आलेला, आणि मोठ्या स्टेजचा त्याला अनुभव नव्हता. त्याच्या खांद्यावर तळलेल्या चिकनची पिशवी येऊन आदळली. मग एक मोठं ग्रेपफ्रूट बेसच्या डोक्यावरच्या खुंट्यांवर बसलं आणि बेस बेसूर झाला, असं त्यानं पुढं सांगितलं आहे. या एका फटक्यानं काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. बेसला चार तारा, चार खुंट्या. खुंटी अर्धा वेढा फिरली तरी तार सैल पडते आणि सूर खाली येतो. गिटारचा एक सूर ढळला तर दुसरी गिटार सांभाळून घेते. बेस ढळला की सगळ्या बँडच्या पायाखालचा मजलाच सरकतो, आणि गाणं चालू असताना खुंटी पिळायला हात मोकळा नसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना वाजवताच येत नाही. फेकणाऱ्यांनीच बँड बेसूर केला आणि तोच त्यांचा पुरावा झाला.

गिटारवाला निदान बाजूला सरकू शकतो. ड्रमवादक आणि कीबोर्डवादक जागेला जखडलेले असतात. सिंथेसायझरवर पेय सांडलं तर ते वाद्य त्या कार्यक्रमापुरतं संपलं म्हणायचं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्याच्या आसपास प्रिन्स निघून गेला. त्यानंतर दौऱ्याचे प्रमोटर बिल ग्रॅहम माइकवर आले आणि त्यांनी गर्दीला खडसावलं. ग्रॅहम हा या धंद्यातला फार अनुभवी माणूस, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात एकाच संध्याकाळी जाझ, ब्लूज आणि रॉक एकत्र ऐकवून त्यानंच प्रेक्षक घडवले होते. त्याचा संताप खरा होता. पण कलाकार निघून गेल्यावर दिलेली समज कलाकाराच्या काय कामाची? तेच चार शब्द पहिल्या गाण्याआधी बोलले गेले असते तर त्यांना काही वजन आलं असतं.

शनिवारी फोन सुरू झाले. प्रिन्स मिनियापोलिसमध्ये, बँड लॉस एंजेलिसमध्ये. व्यवस्थापक स्टीव्ह फार्नोली बोलला. जॅगर बोलला, त्याच्या म्हणण्याचा सूर असा की मोठ्या स्टेजवर उभं राहायचं तर अशा प्रसंगांची तयारी ठेवावीच लागते. पटलं ते बहुधा डेझ डिकरसनचं म्हणणं. डिकरसन रॉक वाजवणारा कृष्णवर्णीय गिटारवादक म्हणून गोऱ्यांच्या बारमधून वर्षानुवर्षं वाजवत आला होता, नको असलेल्या ठिकाणी उभं राहणं त्याला नवं नव्हतं. त्यांना आपल्याला पिटाळून लावू द्यायचं नाही, हा त्याचा मुद्दा होता. जॅगर आणि डिकरसन वरवर एकच सांगत होते, परत ये. पण जॅगर हा प्रसंग कुठल्याही मोठ्या कलाकारावर येणारा मानत होता, आणि डिकरसनला ठाऊक होतं की तो कुठल्याही कलाकारावर येत नाही.

रविवारी प्रिन्स आला. शुक्रवारची बातमी तोवर पसरली होती आणि काही लोक फेकायचं सामान घरूनच घेऊन आले होते. खाद्यपदार्थ, फळं, बाटल्या. बँड या वेळी मनाची तयारी करून उतरला होता, सेट पुरा वाजवला आणि मगच स्टेज सोडलं.

निष्पत्ती

यानंतर प्रिन्स कुणाच्या ओपनिंगला उभा राहिला नाही. नोव्हेंबरमध्ये त्यानं स्वतःचा दौरा सुरू केला, सभागृहं लहान होती पण तिकीट त्याच्या नावाचं होतं. १९८२-८३च्या '१९९९' दौऱ्यात त्यानं पुढचं पाऊल टाकलं. आधी वाजवणारे द टाइम आणि व्हॅनिटी सिक्स हे दोन्ही गट त्याच्याच मुशीतले. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत प्रेक्षक कुणाचा आणि त्याला कशासाठी तयार करायचं, हे आता तोच ठरवत होता. कोलिसियममधल्या प्रसंगावरचं हे सगळ्यात नेमकं उत्तर होतं असं मला वाटतं.

रॉक प्रेक्षक मात्र आला तो टेलिव्हिजनमुळे. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालं, स्टोन्सच्या दौऱ्याच्या दोन महिने आधी, आणि त्यानं रॉक रेडिओचाच साचा उचलला होता. रिक जेम्ससारख्या कलाकारांनी आपल्याला तिथं जागा नाही म्हणून जाहीर तक्रार केली. १९८३मध्ये मायकल जॅक्सनच्या पाठोपाठ प्रिन्सचं 'लिटल रेड कॉर्व्हेट' तिथं नेमानं दिसू लागलं आणि गाणं सर्वसाधारण यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या गाण्यातला गिटार सोलो डेझ डिकरसनचा आहे. १९८४-८५मध्ये त्याचा 'पर्पल रेन' चोवीस आठवडे अल्बमच्या यादीत पहिला राहिला. 'पर्पल रेन'च्या दौऱ्याचा शेवट ७ एप्रिल १९८५ला मायामीच्या ऑरेंज बोल या फुटबॉल स्टेडियममध्ये झाला, मुख्य नाव अर्थात त्याचंच. त्याच्या हातातली गिटार १९८१मध्येही तितकीच तयार होती. मधल्या काळात लोकांच्या घरात त्याचं गाणं पोचलं होतं.

एका माणसाची वाट मोकळी झाली म्हणून सगळ्यांची झाली नाही. १९८५मध्ये न्यू यॉर्कला व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांना ब्लॅक रॉक कोअलिशन ही संघटना काढावी लागली, कारण कृष्णवर्णीय रॉक बँडना क्लबच्या तारखा आणि रेकॉर्डचे करार मिळत नव्हते. रीडचा बँड लिव्हिंग कलर. जॅगरनं त्यांच्या १९८८च्या 'विव्हिड' अल्बमवरची दोन गाणी निर्माता म्हणून केली आणि १९८९च्या दौऱ्यात त्यांना स्टोन्सच्या आधी उभं केलं. ऑक्टोबर १९८९मध्ये तो दौरा कोलिसियममध्ये आला. या वेळी अल्बम वर्षभर आधी आलेला होता, 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' एमटीव्हीवर सतत वाजत होतं, आणि मुख्य बँडचा गायक त्यांच्यामागे उघडपणे उभा होता. त्याच कार्यक्रमात असलेल्या एका गोऱ्या बँडच्या गाण्यात कृष्णवर्णीयांबद्दल अपशब्द होता, त्याविषयी रीड स्टेजवरून स्पष्ट बोलला. आठ वर्षांपूर्वी त्याच मैदानात प्रिन्सला बोलण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

दोष कुणाचा, याचं उत्तर ज्यांनी फेकलं त्यांचा. त्यात वाटेकरी शोधू नयेत. पण ज्यानं बोलावलं त्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि तिथं बरंच काही हातात होतं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय होता जॅगरनं स्वतः येऊन ओळख करून देणं. दोन मिनिटं. मुख्य कलाकार लवकर दिसला तर नंतरची उत्सुकता कमी होते ही आयोजकांची भीती समजण्यासारखी आहे, पण नव्वद हजारांच्या गर्दीत ती उत्सुकता दोन मिनिटांनी ओसरत नाही. १९७२मध्ये स्टोन्सनी स्टीव्ही वंडरसाठी जे सर्वांसमोर केलं, त्याच्या निम्मं जरी इथं झालं असतं तर पुढच्या रांगेतला हात थोडा तरी थांबला असता.

क्रम बदलून थोरोगूडनंतर प्रिन्सला आणता आलं असतं. त्यानं वंशद्वेष गेला नसता. पण गर्दी एकदा टाळ्यांना सरावली, हातातलं खाणंपिणं संपलं आणि जागांची धक्काबुक्की निवळली की पहिल्या अर्ध्या तासाची खुन्नस उरत नाही. ओपनिंगमधली पहिली जागा सर्वांत ओळखीच्या, सोप्या बँडला द्यावी आणि जोखमीच्या कलाकाराला दुसरी, हे साधं व्यवहारज्ञान आहे.

गाण्यांच्या क्रमाबद्दल माझं मत असं की 'बॅम्बी'च्या जातीची गिटारची गाणी सलग वाजवायला हवी होती, मधे न थांबता, आणि अप्रकाशित गाणी वगळून वीस मिनिटांत सेट आटपायला हवा होता. फेकाफेक वाढते ती दोन गाण्यांमधल्या शांततेत, कारण तेव्हा ओरडलेलं ऐकू जातं आणि ओरडणाऱ्याला साथ मिळते. ड्रमचा ठेका चालू ठेवून एका गाण्यातून दुसऱ्यात गेलं की ती फट उरत नाही. वेश मात्र बदलायला सांगणं मला मान्य नाही. तो वेश त्याच्या गाण्याचा भाग होता. साधी जीन्स घालून उभ्या राहिलेल्या प्रिन्सला टाळ्या मिळाल्या असत्या तरी त्या प्रिन्सला मिळाल्या नसत्या. आणि जीन्स घातलेल्या किती कृष्णवर्णीय रॉक वादकांना तेव्हा रेडिओनं वाजवलं?

सगळ्यात मोठी चुकलेली संधी शुक्रवार आणि रविवारच्या मधली. धोका काय आहे हे पहिल्या दिवशी कळलेलं होतं आणि मधे एक आख्खा दिवस होता. पण त्या दिवसातला सगळा जोर प्रिन्सला परत आणण्यावर खर्च झाला. रविवारीही तो पहिलाच, उन्हातच. खरं तर शनिवारी बैठक व्हायला हवी होती ती प्रमोटर, सुरक्षा पथकाचा प्रमुख, स्टेज मॅनेजर आणि बँड यांची, आणि ठरवायला हव्या होत्या अगदी रोकड्या गोष्टी. फाटकावर काचेच्या बाटल्या आणि पेयांचे न उघडलेले डबे काढून घ्यायचे. स्टेज आणि पहिल्या रांगेमधलं कुंपण तीन-चार मीटर मागं न्यायचं, कारण जवळून नेम धरून मारलेली वस्तू आणि लांबून भिरकावलेली वस्तू यांत फार फरक पडतो. कुंपणाच्या आत गर्दीकडे तोंड करून माणसं उभी करायची आणि फेकणाऱ्याला पहिल्याच फेकीला बाहेर काढायचं. सुरात लावलेला दुसरा बेस आणि दुसरी गिटार स्टेजच्या कडेला तयार ठेवायची. कीबोर्ड आणि ड्रम शक्य तितके मागं सरकवायचे.

आणि थांबायचा अधिकार कुणाकडे, हे आधी लिहून ठेवायचं. शुक्रवारी प्रिन्सनं तो स्वतःच वापरला आणि पळून गेल्याचा शिक्का त्याच्यावर बसला. काच किंवा जड वस्तू स्टेजवर आली की स्टेज मॅनेजरनं आवाज बंद करून बँडला आत घ्यायचं, प्रमोटरनं माइकवर येऊन सांगायचं की हे थांबल्याशिवाय पुढचा एकही बँड वाजणार नाही, आणि दहा मिनिटांनी बँडला विचारून मगच पुन्हा सुरू करायचं. असं ठरलेलं असलं की माघार कलाकाराची राहत नाही, आयोजकाची होते. शिवाय पुढचा एकही बँड म्हणजे रोलिंग स्टोन्सही, हे एकदा कळलं की फेकणाऱ्याला त्याच्या शेजारचाच आवरतो.